रोगांतील फरक आणि रक्ताचा इतिहास : प्राध्यापक हाल्डेन यांचे कार्य

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



या समारंभात विज्ञानाविषयी काही बोलावे, अशी सूचना आपल्या चिटणीसांनी मला केली. विषय निवडताना मी दोन गोष्टी मनाशी धरल्या. विद्यार्थ्यांच्या कानावर एका मोठ्या संशोधकाचे चरित्र पडावे, आणि पालकांना घरी गेल्यावर उपयोगी पडेल अशी काही माहिती मिळावी. प्राध्यापक जे. बी. एस. हाल्डेन यांच्या आयुष्यात आणि कार्यात या दोन्ही गोष्टी एकत्र सापडतात, म्हणून आज त्यांच्याविषयी बोलतो.

एक प्रश्न आपल्या सर्वांच्या मनात कधी ना कधी येतो. एखादा रोग एका जमातीत पुष्कळ दिसतो आणि शेजारच्याच दुसऱ्या जमातीत जवळजवळ दिसत नाही, असे का? या प्रश्नाला लोकांनी पूर्वापार दोन उत्तरे दिली. कोणी म्हणाले, नशीब. कोणी म्हणाले, त्या लोकांचे रक्तच हलके. पहिल्या उत्तराने माणूस हातपाय गाळून बसतो आणि दुसऱ्या उत्तराने माणसे एकमेकांचा तिरस्कार करू लागतात. हाल्डेन यांनी तिसरे उत्तर दिले, आणि ते गणिताने दिले.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झाला. वडील शरीरशास्त्राचे नामांकित संशोधक. कोळशाच्या खाणीतील विषारी वायूंनी मजूर का मरतात, याचा ते शोध घेत असत. मुलगा लहान असतानाच ते त्याला बरोबर खाणीत नेऊ लागले. एकदा त्यांनी त्याला वायू साठलेल्या जागी उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील एक भाषण मोठ्याने म्हणायला सांगितले. थोडे म्हणून होते न होते तोच मुलाला धाप लागली आणि तो खाली कोसळला. जमिनीलगत येताच त्याला पुन्हा श्वास घेता येऊ लागला. तो वायू हवेपेक्षा हलका असल्यामुळे छताकडे जमतो आणि खाली श्वास घेण्याजोगी हवा राहते, हा धडा तो मुलगा जन्मभर विसरला नाही. हा प्रयोग आपण कोणी आपल्या मुलांवर करावा असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु वडील आपल्या कामाच्या जागी मुलाला घेऊन जातात, आपण काय करतो ते त्याला दाखवतात, त्याचे प्रश्न ऐकून घेतात, यात आपल्याला घेण्यासारखे पुष्कळ आहे. सुतार, नाखवा, शिंपी, दुकानदार, कोणत्याही बापाला हे करता येते.

पुढे हाल्डेन ऑक्सफर्डमध्ये गणित आणि नंतर ग्रीक-लॅटिन वाङ्मय व तत्त्वज्ञान शिकले. आश्चर्याची गोष्ट अशी की, विज्ञानाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. जे विज्ञान त्यांना येत होते ते घरच्या प्रयोगशाळेत आणि स्वतःच्या वाचनाने आले. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात होते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जखमी झाल्यावर त्यांना उपचारासाठी हिंदुस्थानात आणण्यात आले. या देशाशी त्यांची पहिली ओळख ती. युद्धानंतर १९२३ साली ते केंब्रिज विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकवू लागले, १९३२ साली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९३३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अनुवंशशास्त्राचे प्राध्यापक झाले. डार्विनची नैसर्गिक निवड आणि मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम यांचा मेळ गणिताने घालणाऱ्या तीन प्रमुख शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. दुसरे दोघे म्हणजे फिशर आणि सूअल राइट.

१९३५ साली त्यांनी रक्त न गोठण्याच्या रोगाचा, म्हणजे हिमोफिलियाचा, विचार केला. या रोगाची मुले पूर्वी बहुधा लहानपणीच दगावत. मग रोगाचे जनुक आतापर्यंत संपून का गेले नाही? त्यांनी हिशेब मांडला की, जितकी जनुके अशा मृत्यूंनी नष्ट होतात, साधारण तितकीच नव्या बदलाने पुन्हा निर्माण होत असली पाहिजेत. यावरून मानवी जनुकात बदल किती वेगाने होतो, याचा पहिला अंदाज त्यांनी बांधला. १९३७ साली ज्युलिया बेल यांच्याबरोबर त्यांनी दाखवून दिले की, हिमोफिलियाचे आणि रंगांधळेपणाचे जनुक एकाच गुणसूत्रावर जवळजवळ आहेत.

आता मी मुख्य विषयाकडे येतो. थॅलसेमिया नावाचा रक्ताचा एक आनुवंशिक रोग आहे. ज्या मुलाला तो पूर्ण स्वरूपात होतो, ते जन्मतः चांगले दिसते, पण पहिल्या एकदोन वर्षांत फिके पडू लागते, प्लीहा वाढते, वाढ खुंटते. त्याच्या शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयारच होत नाही. दर दोन ते चार आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते, आणि वारंवार रक्त दिल्याने शरीरात लोह साठते ते काढण्यासाठी निराळे औषध घ्यावे लागते. हे सारे जन्मभर. पूर्वी ही सोय नव्हती, तेव्हा अशी मुले फारशी वाढतच नसत. इटली, ग्रीस, सायप्रस या भूमध्य समुद्राकाठच्या देशांत हा रोग पुष्कळ होता आणि उत्तर युरोपात अगदी विरळा. १९४७ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी म्हटले की, ज्या अर्थी इतकी मुले मरूनही रोग टिकून आहे, त्या अर्थी हा बदल फारच मोठ्या वेगाने पुन्हा पुन्हा घडत असला पाहिजे.

हाल्डेन यांना हे पटले नाही. एका प्रदेशातील लोकांच्या रक्तातच हा बदल इतक्या वेगाने का व्हावा? त्यांनी लक्ष रोग्याकडून हलवून वाहकाकडे नेले. आपल्या प्रत्येकात प्रत्येक जनुकाच्या साधारणपणे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. दोन्ही सदोष असतील तर रोग होतो. एकच सदोष असेल तर मनुष्य वाहक. तो निरोगी असतो, हिंडतो-फिरतो, कामधंदा करतो. हाल्डेन यांनी १९४८ साली स्टॉकहोमच्या परिषदेत आणि पुढच्या वर्षी छापलेल्या निबंधांत असे सुचविले की, या वाहकाला कसला तरी फायदा मिळत असावा. भूमध्य समुद्राचा तो किनारा हिवतापाचा, म्हणजे मलेरियाचा, प्रदेश होता. ज्याच्या तांबड्या पेशी थोड्या निराळ्या, त्याला हिवतापाने मृत्यू येण्याचा संभव कमी. एका घरात एखादे मूल थॅलसेमियाने गेले, पण त्याच जनुकाच्या एकेका प्रतीने अनेक भावंडे हिवतापातून वाचली. असा तो हिशेब होता.

हा केवळ तर्क होता. पुरावा दुसऱ्या एका रोगातून आणि दुसऱ्या माणसाकडून आला. केनियात लहानाचा मोठा झालेला अँथनी अ‍ॅलिसन हा ऑक्सफर्डचा तरुण १९४९ साली केनियातील निरनिराळ्या जमातींचे रक्त तपासत होता. सिकलसेल या रोगात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. अ‍ॅलिसनला दिसले की, समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराजवळ, जिथे डास आणि हिवताप होता, तिथे या रोगाचे वाहक शंभरात वीसपेक्षा अधिक निघत, आणि थंड डोंगराळ मुलखात शंभरात एकही मुश्किलीने निघे. पुढे त्याने युगांडातील २९० मुलांचे रक्त तपासले. त्यांत ४३ वाहक मुलांपैकी १२ जणांच्या रक्तात हिवतापाचे जंतू होते, म्हणजे सुमारे २८ टक्के. वाहक नसलेल्या २४७ मुलांत हे प्रमाण ११३, म्हणजे सुमारे ४६ टक्के. १९५४ साली हे काम प्रसिद्ध झाले. नंतर इटलीच्या सार्डिनिया बेटावरही थॅलसेमियाचा असाच नकाशा दिसून आला. सखल, हिवतापाच्या गावांत वाहक अधिक आणि डोंगरावरील गावांत कमी. भाषा, धर्म, चालीरीती एकच असताना केवळ गावाच्या उंचीने हा फरक पडलेला होता.

मित्रहो, या शोधाचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्याला लोक रक्ताचा डाग समजत होते, ती पूर्वजांनी हिवतापाशी दिलेल्या झुंजीची खूण निघाली. त्यात कोणा जमातीचा कमीपणा नाही आणि कोणाचा मोठेपणाही नाही. युरोपात नाझींनी वंशशुद्धीच्या नावाखाली कायदे केले, त्या काळात, १९३८ साली, हाल्डेन यांनी आनुवंशिकता आणि राजकारण या विषयावर पुस्तक लिहून त्या विचारातील चुका दाखवून दिल्या. जर्मनीतून परागंदा व्हावे लागलेल्या शास्त्रज्ञांना त्यांनी लंडनमध्ये हात दिला. त्यांची सारीच मते निर्दोष होती असे नाही. ते कम्युनिस्ट पक्षात होते आणि रशियात लायसेन्को या माणसाने अनुवंशशास्त्राचा गळा घोटला तेव्हा त्यांनी जितके स्पष्ट बोलायला हवे होते तितके ते बोलले नाहीत. मोठ्या माणसांचे चरित्र वाचताना हेही वाचले पाहिजे.

१९५७ साली लंडनची नोकरी सोडून हाल्डेन भारतात आले. कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत त्यांनी काम केले, भारताचे नागरिकत्व घेतले आणि १९६२ साली भुवनेश्वरला गेले. १ डिसेंबर १९६४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह आंध्रातील काकीनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयास शिक्षणासाठी देण्यात आला. भारतात महागड्या यंत्रांवाचूनही उत्तम संशोधन होऊ शकते, फक्त डोळे उघडे ठेवून मोजता आले पाहिजे, असे ते विद्यार्थ्यांना सांगत आणि तसे करवून घेत. त्यांच्या एका सहकाऱ्याने नारळाच्या झाडावर झावळ्यांचा फेर डावीकडे जातो की उजवीकडे, हे शेकडो झाडांवर मोजले. कोकणातील कोणत्या मुलाच्या अंगणात नारळ नाही? पण असे मोजायला कोणाला सुचले होते?

त्यांचे एक शिष्य द्रोणमराजू आणि त्यांच्याबरोबर मीरा खान या दोघांनी आंध्र प्रदेशात नात्यातील विवाहांचा अभ्यास केला. तो १९६३ साली हाल्डेन संपादित करीत असलेल्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मीरा खान हे पुढे हॉलंडमधील लायडेन विद्यापीठात मानवी अनुवंशशास्त्राचे प्राध्यापक झाले. आंध्रातल्या रुग्णांजवळ बसून, तुमच्या आईवडिलांचे लग्नापूर्वी काही नाते होते काय, असे विचारण्यापासून जे काम सुरू झाले, ते एका माणसाला कुठवर घेऊन गेले ते विद्यार्थ्यांनी पाहावे.

नात्यातील विवाहाचा विषय निघालाच आहे, तर त्याबद्दल चार शब्द स्पष्ट बोलतो. आंध्रात मामा-भाची आणि आते-मामे भावंडांचे विवाह हिंदू समाजात रूढ आहेत. महाराष्ट्रातही कित्येक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. आपल्याकडे चुलत, मावस, मामे भावंडांत विवाह होतात. तेव्हा ही कोणा एका धर्माची गोष्ट नाही. सख्ख्या चुलत-मावस भावंडांचा विवाह झाला, तर त्यांच्या मुलात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याचा संभव सोळात एक असतो. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरात ११ हजारांहून अधिक बालकांचा अभ्यास झाला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिथे पाकिस्तानी वंशाची अनेक कुटुंबे राहतात. जन्मजात दोषांचे सर्वसाधारण प्रमाण शंभरात सुमारे तीन होते, ते अशा विवाहांत शंभरात सुमारे सहा आढळले. म्हणजे धोका दुप्पट झाला, पण शंभरातील चौऱ्याण्णव मुले त्या दोषांपासून मुक्तही होती. त्याच अभ्यासात ३४ वर्षांवरील गोऱ्या ब्रिटिश मातांच्या मुलांतही धोका असाच वाढलेला दिसला. म्हणून नात्यातील लग्न म्हणजे गुन्हा असे कोणी म्हणू नये, आणि त्यात धोका मुळीच नाही असेही म्हणू नये. आजोबा वाहक असतील तर त्यांची दोन नातवंडे दोन्ही वाहक असण्याचा संभव दोन परक्या माणसांपेक्षा बराच अधिक असतो, हे ध्यानात ठेवावे आणि बोलणी पुढे नेण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

कोणती तपासणी? भारतात शंभर माणसांत सुमारे तीन ते चार जण थॅलसेमियाचे वाहक असतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा काही समाजांत प्रमाण अधिक असले तरी कोणताच समाज पूर्ण सुटलेला नाही. दरवर्षी देशात सुमारे दहा हजार मुले या रोगासह जन्माला येतात, असा सरकारी अंदाज आहे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात सिकलसेलही आहे. साधी रक्ततपासणी आणि हिमोग्लोबिनच्या प्रकारांची एक विशेष तपासणी, एवढ्याने वाहक ओळखता येतो. एकदा केली की पुन्हा करावी लागत नाही. कित्येक वाहकांना थोडा रक्तक्षय असतो आणि ते तपासणीवाचून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेत राहतात. त्यांनाही या तपासणीचा लाभ होईल.

नवरा-बायकोपैकी एकच वाहक असेल तर मुलाला हा रोग पूर्ण स्वरूपात होत नाही. अशा लग्नाला या कारणाने हरकत घेण्याचे काही कारण नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक संभव असतो की मूल रोगी निघेल. पहिले मूल रोगी निघाले म्हणून पुढची तीन सुखरूप, असा याचा अर्थ नव्हे. दर वेळी फासा नव्याने पडतो. दोघे वाहक असल्याचे लग्नानंतर कळले तरी घाबरून जाऊ नये. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते, त्याविषयी डॉक्टरांचा सल्ला वेळेवर घ्यावा.

येथे मला आयाबहिणींच्या वतीने एक गोष्ट सांगायची आहे. घरात आजारी मूल जन्मले की बोट सुनेकडे दाखविले जाते. पण हे जनुक एक आईचे आणि एक बापाचे मिळाल्याशिवाय रोग होतच नाही. तसेच लग्न ठरत असताना मुलगी वाहक निघाली तर गावभर बोभाटा होतो आणि मुलगा वाहक निघाला तर गोष्ट झाकली जाते. हा अन्याय आहे. तपासणी दोघांचीही व्हावी आणि तिचे उत्तर दोन घरांतच राहावे. बोलण्याचा विषय तेवढाच आहे की, दोन वाहकांची गाठ पडू नये, आणि पडलीच तर जाणतेपणी पडावी.

इतर देशांनी हे करून दाखविले आहे. सायप्रसमध्ये १९७० नंतरच्या काळात लग्नापूर्वी तपासणी सुरू झाली आणि थॅलसेमियाचे मूल जन्मणे तेथे जवळजवळ थांबले. इराणने १९९७ साली देशभर लग्नापूर्वीची तपासणी सुरू केली. सौदी अरेबियात २००४ सालापासून ती सक्तीची आहे, मात्र उत्तर कळल्यावर लग्न करायचे की नाही हा निर्णय त्या जोडप्याचाच असतो. आपल्या पुष्कळ घरांतील माणसे आखातात नोकरीला आहेत. त्यांनी तेथे ही पद्धत पाहिली असेल. ती येथे आणायला कोणाची मनाई आहे? भारत सरकारनेही १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक सावधगिरीची सूचना. रोगातील प्रत्येक फरक रक्तातूनच येतो असे समजू नका. हाल्डेन यांनी १९४६ साली निसर्ग आणि संगोपन यांच्या परस्परसंबंधावर निबंध लिहून सांगितले होते की, ही दोन्ही कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. याचे एक चांगले उदाहरण पुढे मिळाले. अमेरिकेतील काळ्या लोकांत रक्तदाब फार, तेव्हा तो त्यांच्या वंशातच आहे, असे अनेक डॉक्टर मानत. रिचर्ड कूपर आणि मूळचे नायजेरियाचे चार्ल्स रोटिमी यांनी सहकाऱ्यांसह पश्चिम आफ्रिका, वेस्ट इंडीज आणि अमेरिका येथील एकाच मूळ वंशाच्या लोकांचा रक्तदाब सारख्या पद्धतीने मोजला. १९९७ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे होते: पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, वेस्ट इंडीजमध्ये २६ टक्के आणि अमेरिकेत ३३ टक्के. पूर्वज तेच, पण वजन, मीठ आणि राहणीमान बदलले तसा रोग वाढला. उलट सिकलसेलमध्ये पाहा. भारतातील आणि अरबस्तानाच्या पूर्वेकडील रुग्णांत लहान बाळाच्या प्रकारचे हिमोग्लोबिन मोठेपणीही बरेच शिल्लक राहते, म्हणून आफ्रिकेपेक्षा येथे रोग अनेकदा सौम्य दिसतो. पण नागपूरच्या डॉक्टरांनी मुले प्रत्यक्ष तपासली तेव्हा तीव्र त्रास होणारीही अनेक निघाली. म्हणून येथील रोग सौम्यच असतो असे धरून चालणे धोक्याचे आहे. दर वेळी मोजून पाहिले पाहिजे. पुस्तकात छापले म्हणून नव्हे आणि कोणी मोठ्या माणसाने सांगितले म्हणूनही नव्हे.

आपल्या संस्थेला माझी एक विनंती आहे. महाविद्यालयाच्या मुलामुलींसाठी वर्षातून एकदा ऐच्छिक रक्ततपासणीचे शिबिर ठेवावे. प्रत्येकाचे उत्तर बंद पाकिटात त्याच्या किंवा तिच्या हातीच द्यावे, आणि समजावून सांगायला एक डॉक्टर हजर असावा. त्यासाठी जिल्हा रुग्णालयाशी बोलता येईल. मोठी इमारत बांधण्यापेक्षा हे काम फार कमी खर्चाचे आहे, आणि एखादे घर जरी जन्मभराच्या रक्ताच्या बाटल्यांपासून वाचले तरी खर्च सार्थकी लागला.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी ज्यांना जीवशास्त्र आवडते त्यांनी गणिताला भिऊ नये, आणि ज्यांना गणित आवडते त्यांनी जीवशास्त्राला पाठांतराचा विषय समजू नये. हिवतापाचा एकही रोगी न तपासता कागदावरच्या हिशेबाने हाल्डेन यांनी जे ओळखले, ते सहा वर्षांत युगांडातील २९० मुलांच्या रक्ताने खरे ठरविले. आपल्या देशात हजारो जमाती आहेत, त्यांच्या रोगांचे कितीतरी हिशेब अजून मांडायचे राहिले आहेत. ते मांडणारा कोणी या सभागृहात बसलेला असावा, अशी आशा व्यक्त करतो.